फुलांखालच्या गाठी

फार पूर्वी, घोडे माणसांशी अजून बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

एका राज्याची ख्याती होती, की तिथल्या घोड्यांनी बारा वर्षांत उडीचा दांडा एकदाही पाडला नाही. त्याच राज्यातली एक मुलगी दूरदेशी अश्वविद्या शिकून परत आली. तिला वाटले होते, पागेत हरणासारखे उडणारे घोडे दिसतील. दिसले ते सोललेले गुडघे, सुजलेले पाय, आणि पागेमागच्या आवारात तीन पायांवर उभे असलेले नऊ घोडे.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. राजासमोर अबलख घोडी उडी घेणार होती. मुलीने मैदानात जाऊन दांडा पाहिला. दोन खांबांवरच्या उथळ खोबणींत तो नुसता टेकलेला असावा, खूर लागताच पडावा, हे ती शिकली होती. इथे त्याच्या दोन्ही टोकांना झेंडूच्या माळा होत्या. तिने एक माळ बाजूला सारली. खाली सुंभाच्या पक्क्या गाठी होत्या.

ती तडक पागाप्रमुखाकडे गेली.

"काका, दांडा बांधलाय!"

"मग? पूजा करून बांधतो आम्ही. एकदा पाहुण्या राजासमोर पडला आणि महाराजांची मान खाली गेली. त्यानंतर पडू दिला नाही."

"दांडा पडला नाही, घोडे पडले! मागे जाऊन मोजा ना."

"ते आळशी होते."

घोड्यांना खरारा करणारा एक मोतद्दार हसत म्हणाला, "ताईसाहेब, तुमच्या त्या देशात घोड्यांना गादीवर उतरवतात का हो?"

मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षे ही माणसे गाठी मारत होती, वर फुले वाहत होती, आणि मोडलेल्या घोड्यालाच नावे ठेवत होती. एवढ्या जणांत एकालाही लाज वाटली नव्हती!

ती घोडीजवळ गेली. "तू उद्या उडूच नकोस."

"नाही उडाले तर चाबूक, उडाले तर दांडा," घोडी म्हणाली. "माझा मागचा पाय आधीच दुखतोय, पोरी. मला चुकायची भीती नाही. चुकल्यावर चालता येईल ना, एवढंच सांग."



त्याचे उत्तर मुलीने सकाळी दिले. राजा आसनावर बसला, नगारा वाजला, आणि ती विळा घेऊन मैदानात उतरली. सगळ्यांदेखत तिने माळा तोडल्या, गाठी कापल्या.

"अगं, अपशकुन!" पागाप्रमुख ओरडला. तोवर घोडी दौडत आली होती.

मागचा खूर लागला. दांडा खाडकन खाली पडला. घोडी पलीकडे उतरली, दोन पावले अडखळली, आणि चारी पायांवर उभी राहिली.

राजा आसनावरून उतरून आला. त्याची मान खाली गेली होती. म्हणूनच त्याला गवतातल्या कापलेल्या गाठी दिसल्या. त्याने वाकून दांडा उचलला आणि खोबणीत ठेवला.

"एवढंच होतं होय?" तो पुटपुटला. मग त्याने विचारले, "यापायी घोडे किती गेले?"

"नऊ, महाराज," घोडी म्हणाली. "पागेमागे आहेत. या भेटायला."

त्या दिवसापासून त्या नऊ जणांचे पाय सकाळ-संध्याकाळ शेकायचे काम पागाप्रमुखाला लागले. दांडा मात्र दर दसऱ्याला पडतो, आणि कोणीतरी तो उचलून पुन्हा ठेवतो.

जिथे अडसर पडू दिला जात नाही, तिथे उडी घेणाराच मोडतो.