आंबट मातीचं तोंड

लाल कातळाच्या एका गावात एकदा एक म्हातारी राहत असे. भातशेतीत तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि तिच्या तोंडी लागणारंही. माहेरी परत आलेली सुगंधा तिच्याकडे शेती शिकत होती. भावांनी सुगंधाला उतारावरचा एक तुकडा दिला होता. त्यांना तो नकोच होता. बहिणीला देताना असंच देतात. दोन वर्षं तिथलं भात गुडघ्याच्या वर गेलं नाही, लोंब्या पोचट. भाऊ म्हणाले, "यंदा पिकलं तर तुकडा तुझा. नाहीतर आम्ही तिथं काजू लावतो."

वैशाखात सुगंधा युरियाची गोणी डोक्यावर घेऊन म्हातारीच्या पडवीत आली. "काकी, दोन वर्षं एकेक घातली. यंदा दोन घालते."

म्हातारीने गोणी उतरवून घेतली, भिंतीला लावली आणि तिच्यावर बसली.

"उठा ना, काकी."

"नाही उठत. ही इथंच राहील. तू खाडीवर जा, शिंपल्या गोळा कर, भाजून त्यांचा चुना कर आणि शेतात पसर."

सुगंधा वैतागली. "भात उपाशी मरतंय आणि मी चुना पसरू? भाऊ म्हणतील, बाई शेताला विडा भरवतेय."

"म्हणू देत. त्यांनाही चघळायला काहीतरी हवंच. आधी गेल्या वर्षीचं एक धसकट उपटून आण."

तिने आणलं. मुळं आखूड, जाड, तपकिरी, टोकं करपल्यासारखी.

"हे भाताचं तोंड," म्हातारी म्हणाली. "शिमग्यात तुझ्या आईचं तोंड आलं होतं, तेव्हा तिला लाडू भरवलेस? आधी तूप लावलंस, मग घोट घोट पेज दिलीस. ती अक्कल शेतावर येताना कुठं ठेवतेस? ही माती आंबट आहे, बाई. आंबट मातीत मूळ होरपळतं, त्याला खाता येत नाही. तू वाढत गेलीस आणि पाऊस ते धुऊन नेत गेला. दोन वर्षं तू भाताला नाही, ओढ्याला जेवू घातलंस. आधी चुन्याने आंबटपणा मोड, शेणखत घाल. मग ही गोणी ने, आणि तीही एकदम ओतू नकोस, थोडी थोडी दे. काय वाढू, हे विचारण्याआधी समोरच्याला गिळता येतंय का, ते बघावं."

 सुगंधाने कोपऱ्यातली टोपली उचलली आणि खाडीची वाट धरली.

आश्विनात थोरला भाऊ बांधावर आला. लोंबीतला एक दाणा त्याने दाताखाली फोडला. भरलेला निघाला.  मग मान खाली घालून तो म्हणाला, "चुना किती घातलास गं? आमच्या वरच्या शेतातही यंदा..."

"एक रोप मुळासकट उपटून आण, दादा," सुगंधा म्हणाली. "आधी त्याचं तोंड बघू."