घाट बोलली त्या कुंभारणीची कहाणी

ऐका पावलाई, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, नगराच्या पाठीशी घाट होता. घाट एवढा उभा की गाडी जात नसे, वाटसरू पायीच जात. नगरात गोजरा नावाची कुंभारीण होती. नवरा मागेच वारला होता. एकुलती एक लेक, रंगू, ती घाटापल्याड दिली होती. त्या घरची रीत मोठी कडक. माहेरच्या रक्ताचं माणूस मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, घेऊन दारी येईल, तेव्हाच सून माहेरी धाडायची. रंगूला भाऊ नाही, काका नाही. मुराळी होऊन न्यायला जायचं ते आईनंच. पण आईचा जन्म मडकी थापण्यात गेलेला. बसून बसून गुडघे आखडले होते. दारच्या कडुनिंबापर्यंत जाई, नि धापा टाकीत परत येई.

आला चैत्राचा पाडवा. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. बाया पावलाई देवीच्या पाराशी जमल्या, नव्या वर्षाचे वसे बोलू लागल्या. एक म्हणाली, मी रोज विहिरीपर्यंत चालेन. दुसरी म्हणाली, मी वेशीपर्यंत चालेन. गोजराला वाटलं, मीच का मागं राहू? तिनं हातावर पाणी घेतलं, नि मोठ्यानं बोलली, "मी रोज घाटमाथ्याला जाऊन येईन. पाय मोकळे झाले की रंगूला मूळ नेईन." बायांनी तोंडात बोटं घातली. गोजराला बरं वाटलं. बोलायला काय, जिभेला कुठं गुडघे असतात?

मग काय झालं? पहिल्या दिवशी ईर्ष्येनं पायथ्यापर्यंत गेली, तिथूनच परतली. दुसऱ्या दिवशी गेली, वेशीशीच बसली. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, उंबरा ओलांडवेना. शेजारीण म्हणाली, "अगं, कडुनिंबापर्यंत तरी चाल." गोजरा म्हणाली, "देवीला घाट बोलले, नि आता कडुनिंब देऊ? देवाशी लबाडी करू? वसा मोडला तो मोडला." मग ती बसली ती बसलीच. इथं चुकली बरं, बायांनो. हातचं थोडकं होतं, तेही सोडलं.

नागपंचमी आली. रंगूनं वाटसरूबरोबर निरोप धाडला, "आई, मूळ कधी आणतेस?" दिवाळी आली. पुन्हा निरोप आला, "आई, मूळ कधी आणतेस?" संक्रांत आली. पुन्हा तोच निरोप. तिन्ही वेळा गोजरानं सांगून धाडलं, "पाडवा येऊ दे, नव्यानं वसा घेते, मग येते."

दुसरा पाडवा आला. गेल्या वर्षाचं फेडायचं म्हणून गोजरा दुप्पट बोलली. सकाळी घाट, संध्याकाळी घाट! पहिला दिवससुद्धा निभला नाही. पुन्हा बसली.

नागपंचमीला निरोप आला, "आई, मला दिवस गेलेत. बाळंतपणाला माहेरी ने." गोजरा रडली, उठली, कडुनिंबापर्यंत गेली, खोडाला धरून खाली बसली. दिवाळीला निरोप आला, "आई, आता मला घाट ओलांडवणार नाही. तूच ये." गोजरा पुन्हा उठली, पुन्हा कडुनिंबाशी बसली. संक्रांतीला वाटसरू आला, त्यानं निरोप सांगितला नाही. डोईचं मुंडासं काढून हाती घेतलं, खाली बघून म्हणाला, "मावशी, मुलगी झाली. रंगू गेली."

गोजराच्या घरची चूल विझली. चाक थांबलं. मातीला भेगा पडल्या.

तिसरा पाडवा आला. गोजरानं गुढी उभारली नाही, वसा बोलली नाही. दारात एक म्हातारी आली. हाती काठी, पायी धूळ. म्हणाली, "बाई, पाणी दे." गोजरानं पाणी दिलं. म्हातारी प्याली, नि म्हणाली, "सणाच्या दिवशी अशी का बसलीस?" गोजरानं सगळं सांगितलं. "घाट बोलले, मोडला. दुप्पट बोलले, तोही मोडला. देवी कोपली, माझी लेक नेली."

म्हातारी म्हणाली, "देवीनं काही नेलं नाही. देवीनं घाट मागितला होता का? पहिल्या पाडव्याला तुला कुठवर चालवत होतं?"

"कडुनिंबापर्यंत."

"मग कडुनिंबच बोलायचा होता."

गोजराला उमगलं. कडुनिंब, मग विहीर, मग वेस, असं करीत ती कधीच पोचली असती. ही देवीच, हे ओळखून हंबरडा फोडून तिनं म्हातारीचे पाय धरले. "पावलाई, माझी लेक परत दे!"

"ते माझ्या हाती नाही गं, बाई."

"मग मी आता कुणासाठी चालू?"

"मूळ अजून पोचलं नाही. त्या घरी रंगूचं लेकरू आहे."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "पाय आज जिथवर नेतील, तिथवरच बोलावं. ते सोसलं की पुढलं बोलावं. एक दिवस चुकला तर रडू नये, दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, उठून तेवढंच चालावं. दुसरीचं बघून आपली वाट बोलू नये." एवढं सांगून म्हातारी दिसेनाशी झाली.

गोजरा कडुनिंबापर्यंत चालू लागली. ज्येष्ठात विहिरीशी पोचली. श्रावणात आजारी पडली, चार दिवस चुकले, पाचव्या दिवशी पुन्हा निघाली. दसऱ्याला वेस ओलांडली. संक्रांतीला घाटाच्या पायथ्याशी. पुढल्या पाडव्याला, दर वळणाला बसत, उठत, ती घाट उतरून पल्याड गेली.

विहीण दारात उभी होती. म्हणाली, "आता आलात? ह्या दगडावर बसायची ती रोज. घाटाकडं बघायची. म्हणायची, सासूबाई, एक भाकरी जास्त टाकते, आई यायची आहे." गोजरा त्या दगडावर बसली, नि पोटभर रडली. विहिणीनं पाणी आणून दिलं.

तेवढ्यात उंबऱ्याशी नात उभी राहिली. नुकतं पाऊल फुटलं होतं. एक टाकलं, दुसरं टाकलं, तुळशीला धरून खाली बसली. गोजरानं हात पुढं केले नाहीत, हाक मारली नाही. डोळे पुसून म्हणाली, "तिथवर पुरे, माझ्या बाई. उद्या पुढं."

विहीण म्हणाली, "मूळ आणलंत, पण हिला कडेवर घेऊन घाट चढवेल?" गोजरा म्हणाली, "नाही. खोटं बोलणार नाही. ती घाट चालेल तेव्हा नेईन. तोवर मी येत राहीन." नि येत राहिली.

मग एका पाडव्याला दोघी घाटात निघाल्या. पोर पुढं पळे, मागं वळून बघे. मधल्या वळणावर दगडावर बसली, नि आजी येईतो वाट बघत राहिली. आजी आली, शेजारी टेकली. पोर म्हणाली, "आजी, इथवर पुरे. दम खा, मग पुढं." गोजरानं तिला पोटाशी धरलं. रंगूसुद्धा अशीच बसली होती.

गोजराला पाऊल सापडलं, तसं तुम्हां आम्हां सापडो. तिला उशीर झाला, तो तुम्हां आम्हां न होवो. वाट बघणारं माणूस दगडावरून उठायच्या आत आपलं पाऊल पोचो. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा पावलांनी सुफळ, संपूर्ण.