हरभऱ्याएवढी गाठ

खूप जुनी गोष्ट आहे, आपल्या पणजीनं तिच्या पणजीकडून ऐकलेली. एका डोंगराखाली गाव होतं आणि गावात एक वैद्य होता. शस्त्रानं गाठ काढावी तर त्यानंच, असा त्याचा हात.

गावाची एक रीत होती. सुगीला खळ्यावर रास पडली, की घरातल्या माणसागणिक एक मूठ धान्य वैद्याच्या दारातल्या रांजणात टाकायचं. मग वर्षभर त्या घरात कुणाला काही झालं, तर वैद्य काही न घेता गाठ काढून द्यायचा. ज्यांची मूठ नाही, त्यांनी गाठ जेवढी मोठी तेवढं धान्य मोजायचं.

गावाबाहेर टोपल्या विणणारी एक बाई राहायची. तिला शेत नव्हतं, खळं नव्हतं. म्हणून तिची मूठ कधी कुणी मागितलीच नाही.

एक दिवस तिच्या लेकीच्या तळहातावर गाठ दिसली. लेकराच्या अंगावर असं काही दिसलं की आईला कुठला दम निघतो? हातातली बांबूची कामटी टाकून ती तशीच पोरीला घेऊन वैद्याकडे धावली.

"हरभऱ्याएवढी आहे," वैद्य म्हणाला. "एक पायली ज्वारी आण."

"दादा, आत्ताच काढा ना. मी टोपल्या विणून फेडीन."

"तुला सोडलं, तर उद्या रांजणात मूठ कोण टाकील?"

आई अर्धपोटी राहिली, विणत बसली. दीड महिन्यानं पायली घेऊन गेली.

वैद्यानं हात पाहिला. "आता लिंबाएवढी झाली. तीन पायल्या लागतील."

"अहो, तुम्हीच एक म्हणाला होतात!"

"तेव्हा हरभरा होता ना."

रांजण राखणारी म्हातारी हसली. "तुझी टोपली लहानच राहिली गं बाई, गाठ मात्र वाढली!"

आईनं घरची भांडी विकली. तीन पायल्या डोक्यावर आणि तापलेली पोर कडेवर घेऊन ती तिसऱ्यांदा दारात आली. हात कोपरापर्यंत सुजला होता. वैद्य नवं माप सांगणार, एवढ्यात पोरीनं आईला विचारलं,

"आई, गाठ आपल्यापेक्षा भरभर चालते का गं?"

वैद्यानं पायली बाजूला सारली आणि शस्त्र घेतलं. पोर वाचली, पण दोन बोटं गेली.

"पहिल्या दिवशी घटकाभराचं काम होतं," वैद्य खाली बघून म्हणाला.

"पहिल्या दिवशीच आले होते मी, दादा," आई म्हणाली.

म्हातारीनं पुढं होऊन पोरीच्या हाताला फडकं बांधलं.

पुढच्या सुगीला तीच म्हातारी झोपडीपाशी आली. "तुमची मूठ आम्ही कधी मागितलीच नाही बाई. चुकलं आमचं. चला."

पोरीनं तीन बोटांच्या मुठीत ज्वारी घेतली. वाटेत दाणे गळत गेले. रांजणाशी पोचेपर्यंत पाच-सहाच उरले. ते तिनं आत टाकले.

म्हातारीनं रांजणात डोकावून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मूठ भरली!"

वैद्यानं दारातलं माप उचलून आत ठेवलं. त्यानंतर कुणीही आलं, की तो आधी दुखणं बघायचा.

तात्पर्य: दुखणं कुणाची पायली भरेपर्यंत थांबत नाही, म्हणून उपचार आधी करावा, माप मागून भरावं.