वेड्या बाभळीचं दातण

मोठ्या माणसाची फजिती कुणाला सांगू नको, असं आईनं बजावलंय. तरी लिहिते.

आमच्या बांधावरच्या बाभळीखाली ताईनं मला वाचायला शिकवलं. एका सकाळी सरपंच ती तोडायला माणसं घेऊन आले.

"वेडी बाभूळ आहे ही, बाहेरून आलेली, रानभर माजणारी. जळणाला नेतो. ती कुणीही तोडावी."

ताईनं विचारलं, "काका, दातणाची काडी रोज कुठून नेता?"

"याच झाडाची. का गं?"

"सगळं गाव गावठी बाभळीचं दातण करतं. वेडीचं करणारे तुम्ही एकटेच!"

कुऱ्हाडवालेच खो खो हसले. सरपंच माणसांना घेऊन परतले.

दिवाळीनंतर ताई सासरी गेली. आता बाभूळ पिवळ्या फुलांनी भरलीय. खाली बसले आणि पाऊल वाजलं, की वाटतं ताईच आली, आणि मी पुस्तक मिटून— थांबा, आई हाक मारतेय.