पिवळ्या कपाळाचा शिंजीर

"मग याचं नाव काय, बुवा?"

सुलभा खराडे तिसऱ्यांदा विचारत होती. मठाच्या परसात पांगाऱ्याच्या फांदीला साखरपाण्याची बाटली उलटी टांगलेली होती आणि तिच्या तोंडाशी अंगठ्याएवढा काळानिळा पक्षी लोंबकळत होता. बाकदार चोच, अंग थेट जांभळ्या शिंजिराचं. कपाळ मात्र हळद लावल्यासारखं पिवळं.

केशवगिरी बुवांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"जांभळा शिंजीर."

"जांभळ्या शिंजिराचं कपाळ पिवळं नसतं."

बुवा उठले. कुंपणाजवळची एक जास्वंद तोडून तिचा केसर त्यांनी सुलभाच्या कपाळावर घासला. बोटभर पिवळा पट्टा उमटला.

"आता तू कोण?"

ओसरीवरचे शिष्य हसले. फुलात डोकं घातलं की पराग लागतो, हे काय सुलभाला ठाऊक नव्हतं? अकरा वर्षं शाळेत तिने हेच शिकवलं होतं. ती नोकरी सोडून, भावाशी भांडून ती इथं आली होती. पाखरांच्या बाबतीत बुवांचा शब्द शेवटचा, असं ऐकून आली होती. आणि आज तोच शब्द तिच्या घशाखाली उतरेना.

"तो पराग नाही," ती म्हणाली.

...

मठाचा रिवाज साधा होता. परसातल्या पाखरावरून बुवांचं म्हणणं खोडायचं, तर पुरावा द्यायचा. पुरावा फसला, की त्याच दिवशी बोचकं बांधून मठ सोडायचा. आजवर त्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

"किती दिवस?" बुवांनी विचारलं.

"तीन."

पहिल्या दिवशी तिने परसातलं एकूण एक फूल खुडलं. पूजेला पाकळी उरली नाही म्हणून पुजारी तिच्या नावाने खडे फोडत राहिला. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि कळ्याही तोडल्या. शिंजीर बाटलीवर येत राहिला, कपाळ पिवळंच. पण शिष्यांनी कुंपणापलीकडच्या रानाकडे बोट दाखवलं. तिथं फुलं काय कमी होती? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

दुसरा दिवस तसाच गेला. भावाच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. तिला भीती वाटत होती. तरी माघार घ्यावी असं काही वाटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तांब्याभर पाणी कर्दळीच्या पानांवर शिंपडलं. ओल्या पानावर अंग घासून अंघोळ करायची, ही शिंजिराची सवय. ती बसून राहिली. ऊन चढलं, पानं वाळली. तिने पुन्हा भिजवली. पुन्हा वाळली, पुन्हा भिजवली. शिष्य एकेक करून ओसरीवर जमले.

शिंजीर आला. पानावर उतरला. छाती घासली, मग डोकं घासलं, चांगलं चार-पाच वेळा. चिंब होऊन फांदीवर बसला आणि पिसं झटकली.

कपाळ पिवळंच होतं. धुतल्यावर उलट जास्तच उजळ दिसत होतं.

सुलभाचे डोळे भरून आले. डोळे न पुसताच ती बुवांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही चुकलात, बुवा."

"नाही." बुवा शांतपणे म्हणाले. "चार वर्षं येतोय तो. मी त्याला रोज बघतो."

...

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा असा संताप आला, की आपण गुरूशी बोलतोय याचंही भान राहिलं नाही.

"म्हणजे पराग नाही, हे तुम्हाला माहीत होतं? आणि चार वर्षं या सगळ्यांना खोटं सांगत राहिलात? अहो, मी आज बोचकं बांधणार होते."

ओसरीवर कुणाची मान वर होईना.

बुवांनी फांदीवरून बाटली काढली. ती रिकामी झाली होती.

"मी नुसतं सांगितलं," ते म्हणाले. "मानायला कुणी सांगितलं होतं?"