पाटाच्या शेवटी राहायला गेलेला प्रधान

फार जुनी गोष्ट आहे. एका राज्यात नदी एकच होती आणि तिच्या पाण्यावरून भांडणं मात्र रोजची. नदीतून एक लांब पाट काढलेला होता. पाटाच्या तोंडाशी असलेल्या गावांत ऊस डोलायचा, आणि पाटाच्या शेवटी असलेल्या गावाला पाण्याच्या नुसत्या बातम्या पोचायच्या.

मग तिथे एक नवा प्रधान आला. त्याने नियम केला की पाणी सोडलं की आधी शेवटचं शेत भिजेल, मग त्याच्या वरचं, आणि तोंडाशी बसलेल्यांची पाळी सगळ्यांत शेवटी येईल. तोंडाकडचे बडे बागायतदार चिडले, राजाचे कान भरू लागले. प्रधान काही हलला नाही. शेवटाच्या गावात पहिल्यांदाच गहू पिकला. लोक म्हणू लागले, "माणूस असावा तर असा." आणि तो होताच तसा.

पण होता माणूसच. त्याच्या लेकीचं लग्न तोंडाकडच्या एका मोठ्या घरात ठरलं. व्याही म्हणाले, "प्रधानजी, ऊस सुकतोय आमचा. एक पाळी आधी द्या. एका पाळीनं काय होतंय?" लेकीला सासरी कुणी टोचून बोलू नये, एवढंच प्रधानाच्या मनात आलं. पाटाची दारं उघडायला एक पाटकरी होता. त्याला प्रधानाने हुकूम दिला, त्याने दार उघडलं.

इकडे शेवटाच्या गावातला गहू ऐन दाणे भरताना वाळून गेला. कुंपणानेच शेत खाल्लं, अशी राज्यभर बोंब झाली. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच बागायतदारांचा होता.

दरबार भरला. राजाचा प्रधानावर जीव. त्याने त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दार पाटकऱ्यानं उघडलं ना? मग शिक्षा त्याला होईल. तुम्ही फक्त गप्प बसा."

पाटकरी खांबापाशी मान खाली घालून उभा होता. प्रधानाने त्याच्याकडे पाहिलं आणि भर दरबारात सांगितलं, "महाराज, हात त्याचा होता, हुकूम माझा. व्याह्यांना खूश करायला मी तो दिला."

प्रधानकी गेली. व्याह्यांनी सोयरीक मोडली. लेक म्हणाली, "बरं झालं बाबा, आधीच कळलं."

मला तर हा माणूस इथून पुढेच जास्त आवडतो. दुसरा असता तर तोंड लपवून परमुलखात गेला असता. हा फावडं घेऊन थेट शेवटाच्या गावात गेला. जिचा गहू वाळला होता, ती म्हातारी बांधावरच भेटली.

"आता काय बघाया आलात?" तिने विचारलं.

"बघायला नाही, आजी. पाटातला गाळ काढायला आलोय."

त्या वर्षी गावाने पातळ पेजेवर दिवस काढले. त्यानेही पेजच खाल्ली. पुढे पीक आलं, तरी तो तिथेच राहिला आणि दरसाल गाळ काढत राहिला.

मग एकदा मोठा दुष्काळ पडला. नदीत जेमतेम पाणी, पाटावर काठ्या निघालेल्या, आणि नवे प्रधान आजारपणाचं निमित्त काढून घरी बसलेले. अखेर राजा स्वतः पाटाने गावोगाव फिरत शेवटाच्या गावात आला आणि त्याने विचारलं, "पाणी कुणी वाटावं, तुम्हीच सांगा."

म्हातारीने पाटात फावडं मारणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं.

राजा चकित झाला. "आजी, तुमचं पीक यानंच तर वाळवलं."

"व्हय, यानंच," म्हातारी म्हणाली. "आन् मग आमच्या पंगतीला बसून त्यापायी आलेली पेज बी प्याला. नवा माणूस आणलात, तर त्याला हे शिकवाया आणिक एक पीक घालवावं लागंल. तेवढं आमच्यापाशी न्हाई."

राजा पाटात उतरला आणि त्याने आपल्या जुन्या प्रधानाला हात देऊन वर घेतलं.

तात्पर्य: चूक थोरामोठ्यांकडूनही होते. जो ती दुसऱ्याच्या माथी मारत नाही, आणि जिथे नुकसान झालं तिथेच जाऊन राबतो, त्याच्या हाती पुन्हा कारभार द्यायला हरकत नाही.