किनाऱ्याच्या नियमांचा नैवेद्य

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका नगरात एकदा एक वृद्ध सत्पुरुष राहत असत. त्यांचा मठ वाळूच्या इतका जवळ होता की पहाटेच्या धुक्यात घंटेचा नाद कोठे संपतो आणि लाटेचा कोठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. मठाच्या गाभाऱ्यात मुरलीधराची काळीभोर मूर्ती होती, आणि तिच्या गालांवर समुद्राचा दमटपणा बारा महिने घामासारखा चमके.

महाराजांच्या शिष्यांत एक तरुण विशेष बुद्धिमान होता. त्या वर्षी नगरसभेने ठरवले की किनाऱ्यावर कोणी काय बांधावे, किती उंच बांधावे, पाण्यापासून किती अंतर राखावे, याचे नियम लेखी व्हावेत. मसुद्याचे काम या शिष्याकडे आले आणि तो त्यात तल्लीन झाला. भरतीची रेषा लिहिताना त्याला वाटे, आपण नियम रचत नसून समुद्राच्या शेल्याला काठ विणत आहोत. बंदराच्या दक्षिणेस वाळूचा एक रुंद पट्टा होता. मठाच्या गच्चीवरून तो सोनेरी आणि निवांत दिसे. त्याच्यापुढे शिष्याने लिहिले, 'मोकळी जागा. वखारी व धर्मशाळा यांस योग्य.' नगरातील एका व्यापाऱ्याने हे ऐकले आणि तेथे बांधकामासाठी चिरे मागवूनही टाकले.

मात्र नगराची एक जुनी रीत होती. कोणताही नियम देवळाच्या सभामंडपात लोकांपुढे वाचल्यावाचून आणि हरकत विचारल्यावाचून त्यावर शिक्का उमटत नसे.

ठरलेल्या सकाळी शिष्याने मसुदा वाचला. भाषा अशी घोटीव होती की पुढे बसलेली मंडळी कीर्तनात डोलावे तशी डोलत होती. व्यापारी पहिल्या ओळीत बसला होता, आणि मागे कोण कोण आले आहे हे मान वळवून वळवून पाहत होता. टोपल्यांचा वास आत नको म्हणून कोळणी पायऱ्यांखाली उभ्या होत्या.

"कोणाची काही हरकत?" शिष्याने विचारले.

पायऱ्यांखाली एका वृद्ध कोळणीने पदर सारखा केला आणि घसा खाकरला. शिष्याला ते दिसले. पण तोवर त्याचे हात कागदाची घडी घालू लागले होते, आणि हातांना थांबवण्याचे त्याला सुचले नाही.

"नाही ना? उत्तम."

"शास्त्रीबुवा," व्यापारी हसून म्हणाला, "तुमच्या भाषेवर हरकत घ्यायची म्हणजे आधी ती समजायला हवी."

सारे हसले. म्हातारीने टोपली डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली. शिक्का दुसऱ्या दिवशी सकाळी उमटणार होता.

शिष्य तरंगतच मठात परतला. महाराजांनी सारा वृत्तांत ऐकून घेतला आणि ते एवढेच म्हणाले, "आज नैवेद्य तू दाखव."

त्याने सोवळे नेसून पाण्याने चौकोनी मंडल केले, त्यावर ताट ठेवले. भात, वरण, नारळाच्या रसातली भाजी. प्रत्येकावर तुळशीचे पान. मंत्र म्हणून त्याने पडद्याच्या दोरीकडे हात नेला, तोच महाराज पुढे झाले आणि त्यांनी ताट उचलले.

शिष्य दचकला. "महाराज, देवाने अजून नैवेद्य ग्रहण केला नाही."

"त्याने हरकत घेतली का?"

"मूर्ती कशी बोलेल?"

"पण आपण त्याच्यापुढे ताट ठेवले, मंत्रही म्हटले. रीत पुरी झाली की."

"अशी कशी पुरी होईल? देव उपाशी राहिला." शिष्याचा आवाज कापरा झाला होता.

महाराजांनी ताट पुन्हा मंडलावर ठेवले. त्यांचा स्वर खाली आला. "अरे, पडदा आपण का ओढतो? जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये म्हणून. मग बाहेर बसून का थांबतो? जो बोलत नाही त्याला वेळ द्यावा लागतो म्हणून. आज सकाळी तू लोकांपुढे ताट ठेवलेस. ज्याला ते ताट स्वतःलाच हवे होते, त्याला पहिल्या पंक्तीत बसवून लोकांच्या तोंडाकडे पाहू दिलेस. आणि कोणी घास उचलण्याआधी ताट काढून घेऊन सांगितलेस की सर्वांना रुचले. गाभाऱ्यातला मुरलीधर उपाशी राहिला तर तुला रडू येते. तोच पायऱ्यांखाली टोपली घेऊन उभा होता, तेव्हा तुला घाई होती."

मग त्यांनी स्वतः पडदा ओढला. गुरुशिष्य बाहेर डोळे मिटून बसले. त्या मिटल्या डोळ्यांपुढे शिष्याला मूर्ती दिसेना. पदर सारखा करणारा एक सुरकुतलेला हात तेवढा दिसत राहिला, आणि त्यामागे दूरवर पाणी.

दुपार कलल्यावर तो वाळूच्या पट्ट्याकडे गेला. ऊन इतके विरळ झाले होते की माणसे, होड्या आणि सावल्या एकाच धाग्याने विणल्यासारख्या हलत होत्या. गच्चीवरून निवांत दिसणारी ती जागा जवळून गजबजलेली निघाली. बांबूंवर बोंबील लटकत होते, पसरलेल्या जाळ्यांवर बायका वाकल्या होत्या. वारा सुटला की सुकती मासळी रुपेरी तोरणासारखी झुले.

"काय शास्त्रीबुवा, आज कागद घरी इसरलात काय?" सकाळचीच म्हातारी म्हणाली. तिचे नाव चांगुणाबाय आहे, हे त्याला बाजूच्या बाईने हाक मारली तेव्हा कळले.

"मुद्दाम ठेवून आलो, आई."

"मग बसा. पन बोंबलांच्या खाली नको. महाराज घरात घ्यायचे नाहीत तुम्हांला."

बायका हसल्या. तो बसला. त्याने काही विचारले नाही. बराच वेळ नुसती जाळी शिवली जात होती. मग कोणी तरी, त्याला उद्देशून नव्हे, म्हणाले, "इथं वखार झाली तर मासली सुकवायची कुठं? कौलांवर?"

"रस्ता तरी होईल," दुसरी म्हणाली. "होडीचं लाकूड डोक्यावरून आनून मान मोडली माझ्या घोवाची."

"आनि उधानाचं पानी? त्याला वखारीत झोपायला घालशील?"

त्या आपसांत भांडू लागल्या. शिष्य ऐकत राहिला. त्यांचे एकमत नव्हते. पण जिला त्याने मोकळी जागा म्हटले होते, तिच्यात त्यांची चूल, त्यांची ये-जा आणि समुद्राची विश्रांती एकमेकांना खेटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरप्रमुखाने शिक्का हाती घेतला. "हरकत आलेली नाही ना?"

"एक आहे," शिष्य म्हणाला.

"कोणाची?"

"माझी."

"नवरदेवानेच मुहूर्तावर हरकत घ्यावी, असे झाले हे," व्यापारी म्हणाला. "माझे चिरे वाटेत आहेत, बुवा."

नगरप्रमुखाच्या कपाळाला आठी पडली. "शास्त्रीबुवा, आज शिक्का थांबला तर यापुढे नगरसभेचे लेखन तुमच्याकडे येणार नाही."

हेच काम मिळावे म्हणून शिष्याने वर्षानुवर्षे अक्षर घोटले होते. "नाही आले तरी चालेल," तो म्हणाला. "मी लोकांना विचारले, पण त्यांच्या उत्तरासाठी थांबलो नाही. ती सभा झाली असे समजू नये. मला पुन्हा एकदा विचारू द्यावे."

नगरप्रमुखाने शिक्का पेटीत ठेवून दिला.

दुसरी सभा त्या वाळूवरच भरली. तेथे पायऱ्या नव्हत्या आणि पहिली ओळही नव्हती. व्यापारी कुरकुरत का होईना, जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसला. मागे एका उलथ्या होडीला टेकून महाराज बसले होते. शिष्याने या वेळी मसुदा बोलल्यासारख्या साध्या शब्दांत सांगितला आणि हरकत विचारली. मग त्याने कागद वाळूवर ठेवला, त्यावर एक शिंपला ठेवला, आणि सर्वांकडे पाठ करून तो समुद्राकडे पाहत उभा राहिला.

कोणी बोलेना. भरतीचे पाणी हळूहळू वर सरकत होते, आणि तिन्हीसांजेच्या प्रकाशात ते कोठवर आले हे नीट दिसतही नव्हते.

"संपले वाटते," व्यापारी पुटपुटला.

शिष्य वळला नाही. त्याचे ओठ कोणत्याही मंत्रावाचून हलत होते.

आणखी काही लाटा आल्या, गेल्या. मग त्याच्या मागे कोणी तरी घसा खाकरला.

"मला बोलायचं हाय," चांगुणाबाय म्हणाली. "पन जरा लांबन लागेल."

तेव्हा तो वळला, आणि तिच्यासमोर ओल्या वाळूवर मांडी घालून बसला.

"बोला, आई," तो म्हणाला. "आम्हांला घाई नाही."